प्रेसवर बोट गेलं, चौकशीत 'निष्काळजीपणा' निघाला. आता पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पत्र्याचे जॉब करणारा, दीडेकशे माणसांचा कारखाना. हेल्मेट, बूट, हातमोजे सगळ्यांना दिलेत, भिंतींवर पोस्टर आहेत, दर महिन्याला ट्रेनिंग होतं. तरी किरकोळ जखमा थांबत नाहीत आणि नुकतंच पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या मशीनवर, एका ऑपरेटरचं बोट गेलं. चौकशी झाली, कारण लिहिलं 'कामगाराचा निष्काळजीपणा', उपाय लिहिला 'पुन्हा ट्रेनिंग'. आणखी काय करायचं राहिलंय, असं तुम्ही विचारताय.

बरंच राहिलंय, आणि सगळी गोम त्या चौकशीतच आहे. 'निष्काळजीपणा' हा शब्द कागदावर उतरला की चौकशी संपते, तीही नेमकी जिथून सुरू व्हायला हवी त्या ठिकाणी. पाळीत शेकड्याने जॉब मारणाऱ्या माणसाचं लक्ष कधीतरी उडणारच. रात्री झोप झाली नसेल, घरी कोणी आजारी असेल, शेजारच्याने हाक मारली असेल. हे गृहीत धरूनच मशीन उभं करायचं असतं. लक्ष उडालं तर जॉब बाद व्हावा, फार तर डाय (जॉबला आकार देणारा खालचा साचा) फुटावी. तुमच्या प्रेसवर त्याची किंमत बोट कशी काय ठरली, याचं उत्तर शोधा. ट्रेनिंग वाढवणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

आधी प्रेसबद्दलच बोलू. ती कोणत्या क्लचची (फिरत्या चाकाची ताकद जोडणाऱ्या-तोडणाऱ्या भागाची) आहे हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं त्यावर अवलंबून आहे. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये की-क्लच असतो. पेडल दाबलं की चावी फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे जड फिरत्या चाकात, अडकते आणि क्रँक एक पूर्ण फेरा मारूनच सुटतो. मध्ये काहीही झालं तरी रॅम, म्हणजे वरून खाली येणारा भाग, थांबत नाही. पेडलवरून पाय काढा, मोटर बंद करा, इमर्जन्सी बटण दाबा, रॅम खाली येणार म्हणजे येणार. अशा प्रेसवर लाइट कर्टन (हात आडवा आला की मशीन थांबवणारा किरणांचा पडदा) बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. हात आत गेल्याचं त्याला कळेल, पण कळून उपयोग काय? काही कारखान्यांत तपासणीला येणाऱ्यांना दाखवण्यापुरता तो लावलेला मी पाहिलाय.

की-क्लचच्या प्रेसला एकच भरवशाचा उपाय आहे: बोट डायपर्यंत पोहोचूच शकणार नाही अशी बंदिस्ती. चारही बाजूंनी पक्का गार्ड, पट्टी आत सरकवण्यापुरती अरुंद फट. सुटे ब्लँक (आधीच कापलेले पत्र्याचे तुकडे) हाताने ठेवावे लागत असतील तर उतरती घसरपट्टी किंवा बाहेर सरकवता येणारी डाय करा. जॉब बाहेर काढायला हवेचा झोत वापरा. काही जॉबमध्ये स्ट्रोक इतका कमी ठेवता येतो की पंच (रॅमला लावलेला वरचा साचा) आणि डायमध्ये ६ मिमीपेक्षा जास्त जागाच उरत नाही, तिथे बोट शिरतच नाही. चिमटा हा दुय्यम उपाय आहे, गार्डच्या जागी तो चालत नाही. द्यायचाच तर ॲल्युमिनियमचा द्या. पोलादी चिमटा डायमध्ये सापडला तर डाय फुटते, एकदा त्याबद्दल बोलणी खाल्ली की ऑपरेटर चिमटा टूलबॉक्समध्ये टाकतो आणि पुन्हा हाताने काम सुरू करतो.

दुसरी गोष्ट म्हणजे रिपीट स्ट्रोक. एकदाच पेडल दाबलं आणि रॅम दोनदा आला. चावी झिजली, तिची स्प्रिंग तुटली किंवा ब्रेक सैल पडला, त्यावर तेल उतरलं, की हे होतं. ऑपरेटर पहिल्या स्ट्रोकनंतर जॉब काढायला हात घालतो आणि वरून दुसरा येतो. यात त्याचा निष्काळजीपणा कुठे शोधणार? दर पाळीच्या सुरुवातीला दोन मिनिटं लागतात: जॉब न ठेवता पाच-सहा स्ट्रोक मारा आणि क्रँक दर वेळी वरच्या टोकालाच थांबतो का ते बघा. पुढे घसरत असेल तर प्रेस बंद. तुमच्या अपघाताच्या अहवालात ब्रेकच्या स्थितीचा उल्लेख आहे का, तेवढं एकदा बघा. मला शंका आहे. आणि पेडलवर झाकण आहे का तेही बघा. वरून एखादा जॉब पेडलवर पडून स्ट्रोक बसलेला पाहिलेला माणूस बहुतेक प्रेस शॉपमध्ये सापडतो.

तुमची प्रेस घर्षण क्लचची असेल तर लाइट कर्टन उपयोगी आहे, कारण तिथे रॅम मध्येच थांबवता येतो. पण कर्टन डायपासून किती अंतरावर हवा हे गणित करून ठरवायचं असतं. किरण तुटल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत लागणारा वेळ मोजा. हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. वेळ ०.२ सेकंद असेल तर कर्टन डायपासून निदान ४०० मिमी लांब हवा, आणि किरणांमधलं अंतर जास्त असेल तर त्याहूनही लांब. समजा वर्षभराने ब्रेकचे लायनर झिजले आणि वेळ ०.२५ सेकंद झाला. आता ५०० मिमी हवेत, पण कर्टन आहे तिथेच आहे. दिवा हिरवा, सगळे निर्धास्त आणि हात मात्र रॅमच्या आधी पोहोचतो. त्यामुळे थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजून नोंदवणं हा देखभालीचाच भाग धरा.

आता पुढचा प्रश्न: हात मुळात आत का गेला? बहुतेक वेळा जॉब डायमध्ये चिकटलेला असतो. का चिकटला? पंचची धार गेली होती, जॉब बाहेर ढकलणाऱ्या इजेक्टरची स्प्रिंग तुटली होती किंवा पत्रा ठरल्यापेक्षा जाड आला होता. स्प्रिंग का बदलली नाही? स्टोअरमध्ये नव्हती, आणि जॉब आजच्या आज पाठवायचा होता. हे कोणाला माहीत होतं? सुपरवायझरला. त्याने मशीन का थांबवलं नाही? कारण मशीन थांबलं की त्याला जाब विचारतात आणि चालू राहिलं की कोणी काही विचारत नाही. असं उलट मागे गेलात की खरेदीचं कपाट आणि उत्पादनाचा तक्ता यांपाशी येऊन पोहोचता. तिथे सुधारणा करणं गैरसोयीचं असतं, म्हणून 'निष्काळजीपणा' लिहिणं सोपं जातं.

गार्ड काढून ठेवलेला सापडला तरी हेच. 'गार्ड काढणाऱ्यावर कारवाई होईल' अशी नोटीस लावण्याआधी त्या ऑपरेटरशेजारी तासभर उभे राहा आणि गार्ड लावून काम करायला सांगा. जॉब दिसत नाही, तुकडे अडकतात, डाय बदलताना दर वेळी बोल्ट उघडावे लागतात, यातलं काहीतरी निघेलच. जाळी बदला, दार बिजागरीचं करून त्याला इंटरलॉक (दार उघडलं की मशीन बंद पाडणारा स्विच) बसवा, आणि नवा गार्ड तयार करताना त्या ऑपरेटरला बोलवा. कामाला अडणारा गार्ड महिन्याभरात कोपऱ्यात जातो, मग तो कितीही महाग असो. नगाच्या हिशोबाने पैसे मिळत असतील तर दोन आठवड्यांत.

पण बोटाच्या मागे लागून दुसरी बाजू विसरू नका. १९३१ साली अमेरिकेत हाइनरिक नावाच्या विमा क्षेत्रातल्या माणसाने १-२९-३०० हे प्रमाण मांडलं: एका मोठ्या जखमेमागे २९ किरकोळ जखमा आणि ३०० विनाजखम अपघात. अजूनही ट्रेनिंगच्या प्रत्येक सादरीकरणात तो त्रिकोण असतो. त्यावरून लोक असं धरून चालतात की कापणं-खरचटणं कमी केलं की मृत्यू आपोआप कमी होतील. तसं होत नाही. पत्र्याच्या कडेने बोट कापणं आणि छतावरून पडणं यांची कारणं वेगळी आहेत. कापण्याविरुद्धचे मोजे वाटल्याने छतावरचा माणूस वाचत नाही. म्हणून तुमच्याकडे दोन वह्या हव्यात. एकीत नेहमीच्या जखमा, दुसरीत जिवावर बेतू शकतील अशी कामं, मग तिथे आजवर काहीच झालेलं नसलं तरी.

त्या दुसऱ्या वहीत पहिलं नाव देखभालीचं. मशीनच्या आत शिरलेला फिटर आणि पलीकडून ते चालू करणारा ऑपरेटर, ही कथा जगभर तीच आहे. मेन स्विच बंद करून 'काम चालू आहे' अशी पाटी अडकवणं पुरेसं नाही, पाटी कोणीही काढतं. स्विचला कुलूप हवं, आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाचं स्वतःचं वेगळं कुलूप, किल्ली ज्याच्या त्याच्या खिशात. चार माणसं आत असतील तर चार कुलपं. शेवटचा बाहेर आल्याशिवाय मशीन चालू होताच कामा नये. पाळी बदलताना आधीच्याचं कुलूप निघण्याअगोदर पुढच्याचं लागलं पाहिजे. कुलूप लावल्यावर स्टार्टचं बटण दाबून खात्री करायची, ही पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. कधी चुकीच्या पॅनेललाच कुलूप लागलेलं असतं, कधी दुसऱ्या फीडरवरून वीज येत असते.

शिवाय वीज बंद म्हणजे ऊर्जा संपली असं नव्हे. प्रेसची मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहतं आणि त्यातली ताकद एक स्ट्रोक मारायला पुरते. हायड्रॉलिक मशीनच्या ॲक्युम्युलेटरमध्ये (दाब साठवणाऱ्या टाकीत) दाब असतो, न्यूमॅटिक सिलिंडरमध्ये हवा कोंडलेली असते, पॅनेलमधले कपॅसिटर भरलेले असतात. वर उभा असलेला रॅम तर नुसत्या वजनानेही खाली येईल. त्याखाली हात घालण्याआधी सेफ्टी ब्लॉक (रॅमला टेकू देणारा ठोकळा) लावायचा, आणि त्या ब्लॉकचा प्लग असा जोडून घ्यायचा की तो काढल्याशिवाय ब्लॉक लावायला उचलताच येऊ नये आणि काढला की मोटरची वीज तुटावी.

दुसरं नाव बंदिस्त जागेचं: टाकी, खड्डा, गटार, साठवणीचं पिंप. हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो, १९.५ च्या खाली गेला की जागा धोक्याची. बंद पडलेल्या लोखंडी टाकीत नुसता गंज चढत गेला तरी ऑक्सिजन कमी होतो, त्यासाठी विषारी वायूच हवा असं नाही. सांडपाण्याच्या खड्ड्यात हायड्रोजन सल्फाइड असेल तर सडक्या अंड्यांचा वास येतो, पण वायूचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं. तोंडाला फडकं बांधून काही होत नाही. साध्या फिल्टरचा मास्कही उपयोगाचा नाही, तो ऑक्सिजन तयार करत नाही. यातली सगळ्यात वाईट गोष्ट वाचवायला गेलेल्यांची आहे. अमेरिकेच्या निऑश या सरकारी संस्थेने १९८६ साली इशारा दिला होता, त्यात अशा जागांतल्या मृत्यूंपैकी ६० टक्क्यांहून जास्त मृत्यू वाचवायला आत उतरलेल्यांचे होते. एक पडतो, दुसरा त्याच्यामागे उडी मारतो, मग तिसरा. म्हणून त्या जागेच्या तोंडाशी एक माणूस कायम उभा राहील, तो कोणत्याही परिस्थितीत आत उतरणार नाही आणि आतल्याला बाहेरूनच ओढून काढता येईल अशी दोरी व तिवई लावलेली असेल, याशिवाय आत उतरण्याच्या लेखी परवानगीवर सही करू नका. हवा मीटरने मोजायची, तीही वर, मध्ये आणि तळाशी.

छताचं काम थोडक्यात. सिमेंटचे पत्रे आणि त्यांच्यामध्ये उजेडासाठी बसवलेले फायबरचे पत्रे माणसाचं वजन पेलत नाहीत. जुने, धुळीने माखलेले फायबरचे पत्रे वरून ओळखूही येत नाहीत. पत्र्यावर थेट पाय नको, फळ्या टाका, खाली जाळी लावा, हार्नेसचा हुक पक्क्या जागी अडकवा. गळती दुरुस्त करायला बाहेरून आलेला मिस्त्री 'रोजचंच काम आहे' म्हणून वर चढतो, तेव्हा त्याला अडवण्याचा अधिकार गेटवरच्या माणसालाही हवा. रिकामी पिंपं कापण्याबद्दल एकच सांगतो: ज्यात पूर्वी थिनर किंवा तेल होतं ते पिंप भरलेल्यापेक्षा रिकामं असताना जास्त धोक्याचं, कारण आत वाफा आणि हवा दोन्ही असतात. त्यावर गॅस कटर लावू नका.

फोर्कलिफ्टसाठी पिवळे पट्टे रंगवून काही होत नाही. माणसांचा रस्ता कठड्याने वेगळा करा, आणि जमलंच तर जेवणाच्या सुट्टीत व पाळी बदलताना फोर्कलिफ्ट उभीच ठेवा. ती उलटू लागली की ड्रायव्हर उडी मारतो आणि वरच्या सांगाड्याखाली सापडतो. पट्टा लावून, स्टिअरिंग घट्ट धरून, उलटत असलेल्या बाजूच्या विरुद्ध झुकायचं, हे त्याला आधीच सांगून ठेवावं लागतं.

धुळीचं गांभीर्य लोकांना पटत नाही. २००८ साली अमेरिकेत जॉर्जियातल्या एका साखर कारखान्यात १४ माणसं गेली, तीही साखरेच्याच धुळीच्या स्फोटाने. तुमच्याकडे ॲल्युमिनियमचं ग्राइंडिंग होत असेल तर तुळयांवर, केबलच्या ट्रेवर साचलेली भुकटी बघा. कॉम्प्रेसरच्या हवेने ती उडवू नका, उडाली की हवेत ढग होतो आणि स्फोटाला नेमका तोच लागतो. तशा धुळीसाठीचाच व्हॅक्यूम वापरा.

आता तुम्ही वाटलेल्या साहित्याबद्दल. हेल्मेट, बूट, मोजे हे सगळ्यात शेवटी येतात. आधी धोका काढून टाकता येतो का, मग बदलता येतो का, मग अडवता येतो का, मग कामाची पद्धत बदलून टाळता येतो का, आणि एवढं करून जे उरतं त्यासाठी अंगावरचं साहित्य. तुमच्याकडे बहुधा उलट्या टोकाने सुरुवात झालीय. काही साहित्य तर चुकीच्या जागी घातक ठरतं. ड्रिल मशीनवर किंवा लेथवर हातमोजा फिरत्या भागात अडकला तर बोटासकट पिळला जातो. म्हणून 'सर्वांनी हातमोजे घालावेत' ही सरसकट पाटी काढून टाका आणि कोणत्या मशीनवर घालायचे, कोणत्या मशीनवर अजिबात नाहीत, हे त्या त्या मशीनवर लिहा. धातूच्या चिप्स काढायला हुक द्या. बेंच ग्राइंडरवर जॉब टेकवायची पट्टी चाकापासून ३ मिमीच्या आत असावी, जास्त फट पडली की जॉब खाली ओढला जातो. नवं चाक बसवण्याआधी लाकडी मुठीने हलकेच ठोकून त्याचा आवाज ऐका, खणखणीत आला नाही तर चाक तडकलेलं आहे. मग चाकावर लिहिलेला कमाल वेग मशीनच्या वेगाशी ताडून बघा.

प्रेस शॉपच्या आवाजाला कोणी अपघात म्हणत नाही, पण कान जातात आणि परत येत नाहीत. निऑशच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला ८ तासांची मर्यादा आहे आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. बहिऱ्या माणसाला फोर्कलिफ्टचा हॉर्नही ऐकू येत नाही, हे वेगळंच.

ट्रेनिंग बंद करा असं मी म्हणत नाही. ते हॉलमधून मशीनपाशी आणा. नव्या माणसाचे पहिले काही आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, आणि कंत्राटी माणूस तर दर थोड्या दिवसांनी नवाच असतो. त्याला पहिल्याच दिवशी प्रेसवर बसवू नका, एका जुन्या ऑपरेटरच्या हवाली करा, आणि त्या ऑपरेटरचं त्या दिवसांचं उत्पादनाचं टार्गेट कमी करा. नाहीतर शिकवायला त्याला वेळ कुठून मिळणार?

गेटवर 'अपघाताविना इतके दिवस' असा बोर्ड असेल आणि त्यावर बक्षीस असेल तर बक्षीस आधी काढा. बक्षीस मोडायला नको म्हणून माणसं जखम लपवतात आणि घरी जाऊन पट्टी बांधतात. त्याऐवजी थोडक्यात निभावलेले प्रसंग सांगायला लावा, पण सांगितल्यावर काहीतरी झालेलं दिसलं पाहिजे. पेडल अडकतंय असं कोणी सांगितलं आणि पंधरा दिवसांनी ते तसंच असेल तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही. जमण्यासारखं असेल तर त्याच पाळीत दुरुस्त करा, नसेल तर का नाही आणि कधी होईल हे त्याला समोर जाऊन सांगा. मालकाने किंवा मॅनेजरने आठवड्यातून एकदा रात्रपाळीला फेरी मारली तर दिवसा न दिसणारं बरंच दिसतं. काढलेले गार्ड रात्रीच दिसतात.

कुठून सुरुवात करायची, तर या आठवड्यात सगळ्या प्रेसचे क्लच आणि ब्रेक तपासा, ज्या बरोबर थांबत नाहीत त्या बंद ठेवा. मग कुलपं आणा, ती स्वस्त आहेत. बंदिस्त जागांची यादी करून प्रत्येकीच्या तोंडावर पाटी लावा. गार्डचं काम महिना-दोन महिने चालेल, ते एका वेळी एका प्रेसचं करा. जुना अपघात अहवाल पुन्हा उघडा, आणि त्या ऑपरेटरला बोलवून शांतपणे ऐकून घ्या. नोकरी जाणार नाही हे त्याला लेखी दिलंत तरच तो खरं बोलेल.

तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रत्येक पाळीतल्या दोन-तीन जणांना हे यायला हवं. बोट तुटून वेगळं झालं तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा आणि हात वर ठेवा. तुटलेला भाग सलाइनने ओल्या केलेल्या स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. भाग थेट बर्फावर ठेवला तर पेशी मरतात, पाण्यात बुडवला तर फुगतो. चुरगळलेला दिसला तरी टाकून देऊ नका, जोडायचा की नाही हे सर्जन ठरवेल. जखमीला खायला-प्यायला देऊ नका, ऑपरेशन करावं लागेल. सूक्ष्म शस्त्रक्रिया करणारं जवळचं रुग्णालय कोणतं ते आजच फोन करून विचारा, नंबर प्रथमोपचाराच्या पेटीवर चिकटवा. आणि रात्रपाळीत बर्फ कुठून आणायचा तेही ठरवा, कारण कॅन्टीन तेव्हा बंद असतं.